सावलीचा रंग कोणता?

एप्रिलमधल्या एखाद्या दुपारी, चारच्या सुमाराला गच्चीवर जा. दोरीवर पांढरी चादर वाळत असेल आणि तिच्यावर पाण्याच्या टाकीची सावली पडली असेल. ती सावली कोणत्या रंगाची आहे? बहुतेक जण न बघताच सांगतील, काळी. फार तर करडी. आता वर्तमानपत्राची सुरळी करा, एक डोळा मिटा आणि सुरळीतून सावलीचा फक्त एक तुकडा बघा. आभाळ निरभ्र असेल तर तो निळसर दिसेल. उन्हं कलली की जांभळट.

कारण साधं आहे. टाकीनं अडवलं ते सूर्याचं थेट ऊन. आभाळाचा निळा उजेड चादरीवर पडतोच आहे. पण आपला मेंदू मोठा हिशेबी. चादर पांढरी आहे हे त्याला आधीच ठाऊक असतं, म्हणून तो निळा रंग परस्पर वजा करून टाकतो. मोबाइलचा कॅमेराही फोटो 'सुधारताना' बरंचसं हेच करतो.

१८७० च्या आगेमागे पॅरिसमधल्या काही तरुण चित्रकारांनी, ज्यांना पुढे इम्प्रेशनिस्ट म्हटलं गेलं, ही वजाबाकी करायचं नाकारलं. दिसतं ते रंगवलं. १८७६ साली तिथल्या एका नामांकित समीक्षकानं वैतागून लिहिलं, की पिसारो नावाच्या गृहस्थांना कुणीतरी समजावा, झाडं जांभळी नसतात.

हे सगळं परत चर्चेत आलं ते २०२४ मध्ये. या मंडळींच्या पहिल्या प्रदर्शनाला १५० वर्षं झाली म्हणून पॅरिसच्या म्यूझे दॉर्से या संग्रहालयानं मोठं प्रदर्शन भरवलं, पुढे ते वॉशिंग्टनलाही गेलं. पण बातम्यांतली नावं तीच ती: मोने, रन्वार, दगा. कपांवर, छत्र्यांवर, लॅपटॉपच्या पाठीवर मोनेची कमळं. जणू हा सगळा प्रकार पॅरिसजवळच्या एका तळ्यातच घडला! प्रत्यक्षात तो जपानपासून पोर्तो रिकोपर्यंत आणि मॉस्कोपासून मेलबर्नपर्यंत पसरला होता. त्या-त्या ठिकाणच्या चित्रकारांनी काय रंगवलं हे बघायला लागलं, की गच्चीवरच्या चादरीचा प्रयोग वारंवार आठवतो.

आधी नावाचं बघू

१५ एप्रिल १८७४ रोजी, नादार या छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत सुमारे ३० चित्रकारांनी स्वतःच प्रदर्शन मांडलं. सरकारी वार्षिक प्रदर्शनात त्यांची चित्रं वारंवार नाकारली जात होती. त्यात मोनेचं एक बंदरातल्या पहाटेचं चित्र होतं, नाव 'इम्प्रेशन, सूर्योदय'. लुई लरुआ नावाच्या पत्रकारानं या नावाची टर उडवणारा लेख लिहिला आणि 'इम्प्रेशनिस्ट' ही शिवी चिकटली ती चिकटलीच. मराठीत तिला 'दृक्प्रत्ययवाद' असा भारदस्त शब्द आहे. दृक् म्हणजे दृष्टी, प्रत्यय म्हणजे आलेला अनुभव. त्या क्षणी, त्या उजेडात डोळ्याला जे जाणवलं ते. शब्द अर्थाला नेमका आहे, पण जिभेला जड, म्हणून इथून पुढे मी इम्प्रेशनिस्टच म्हणेन.

त्यांची युक्ती समजून घ्यायला पैठणी पुरेल. धूपछाव पैठणीत उभे धागे एका रंगाचे आणि आडवे दुसऱ्या रंगाचे असतात. जवळून बघितलं तर दोन वेगळे धागे, लांबून बघितलं तर तिसराच रंग, आणि नेसणारी वळली की तो हलतो. रंग वाटीत कालवलेला नाही, बघणाऱ्याच्या डोळ्यात कालवला जातो. इम्प्रेशनिस्टांनी हेच ब्रशच्या छोट्या फटकाऱ्यांनी केलं. निळ्याशेजारी नारिंगी, हिरव्याशेजारी लालसर, न मिसळता.

यामागचं शास्त्रही कापडाच्याच धंद्यातून आलं. शव्रल नावाचा रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात, म्हणजे भिंतीवर टांगायचे विणलेले पडदे करणाऱ्या सरकारी कारखान्यात, रंगाईचा प्रमुख होता. काळा रंग फिका पडतो अशी तक्रार त्याच्याकडे आली. तपासल्यावर कळलं की रंगात खोट नाही, शेजारच्या धाग्यांमुळे तो तसा दिसतो. १८३९ साली त्यानं यावर जाडजूड पुस्तक लिहिलं आणि पुढे ते चित्रकारांनी वाचलं. साडीच्या दुकानात 'हा काठ या अंगावर उठत नाही' असं म्हणून पंचवीस साड्या खाली काढायला लावणाऱ्या मावश्यांना हे पुस्तक न वाचताच पाठ असतं.

आणि हे लोक घराबाहेर का पडले?

तेलरंग पूर्वी डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून ठेवत. एकदा टोचली की बंद होत नसे, रंग वाळून जाई. १८४१ साली जॉन गॉफ रँड या अमेरिकी चित्रकारानं दाबता येणारी, टोपण लागणारी कथलाची ट्यूब शोधली. रंग खिशात मावायला लागले. त्याच काळात रेल्वे आली. सकाळी गाडीत बसायचं, नदीकाठी उतरायचं, उजेड बदलायच्या आत चित्र संपवायचं. आपल्या आर्ट स्कूलची मुलं रविवारी लँडस्केपिंगला जातात, त्याची सुरुवात कुठेतरी इथे आहे.

अर्थात रविवारीच जाता येणारेही होते. आर्मां गियोमँ पहिल्या प्रदर्शनात होता, पण पोटासाठी नोकरी करायचा आणि उरल्या वेळात चित्रं काढायचा. त्याचा आवडता विषय सेन नदीकाठच्या कारखान्यांची धुराडी आणि त्यांच्या धुराआड जाणारा सूर्य. १८९१ मध्ये त्याला एक लाख फ्रँकची लॉटरी लागली, नोकरी सुटली, आणि तो क्रूझ नदीच्या खोऱ्यात जाऊन खडकांचे जांभळे-केशरी उतार रंगवत बसला. चित्रकलेच्या इतिहासात सुखान्त गोष्टी कमी आहेत, म्हणून सांगितलं.

जपान: जांभळी सावली हाच गुन्हा

कुरोदा सेइकी १८८४ मध्ये अठराव्या वर्षी फ्रान्सला गेला तो कायदा शिकायला. दोन वर्षांत कायदा बाजूला पडला, चित्रकला हातात आली. घरच्यांची काय प्रतिक्रिया झाली असेल ते सांगायला नको.

१८९३ मध्ये तो परतला तेव्हा जपानमध्ये तेलरंगातली चित्रकला होतीच, पण ती जुन्या युरोपीय वळणाची. सावल्या तपकिरी, डांबरट. कुरोदाच्या चित्रांतल्या सावल्या निळ्या-जांभळ्या. टीकाकारांनी लगेच नावं ठेवली: कुरोदाचा गट 'जांभळा पंथ' आणि जुन्यांचा 'राळपंथ'. राळेसारखा चिकट तपकिरी म्हणून. सावलीच्या रंगावरून चित्रकारांमध्ये तट पडल्याचं एवढं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

कुरोदाचं गाजलेलं चित्र म्हणजे १८९७ चं 'तळ्याकाठी'. हाकोने इथल्या आशी तळ्याच्या काठी सुती युकाता घातलेली एक तरुणी हातात पंखा घेऊन बसली आहे. ती पुढे त्याची पत्नी झाली. तळं, डोंगर, कापड, सगळं एकाच निळसर दमट हवेत भिजलेलं. त्यात फ्रान्सचं ऊन नाही. उन्हाळ्यातल्या जपानी डोंगरावरची हवा आहे, महाबळेश्वरला पावसाआधी असते तशी.

त्याचा दुसरा आवडता विषय त्याला महागात पडला. १८९५ मध्ये क्योतोच्या प्रदर्शनात त्यानं आरशासमोर उभ्या विवस्त्र स्त्रीचं चित्र लावलं आणि वर्तमानपत्रांत गदारोळ झाला. १९०१ मध्ये तर पोलिसांनी त्याच्या एका चित्राचा खालचा अर्धा भाग कापडानं झाकायला लावला. प्रेक्षक आले, कापड बघून गेले.

यातली गंमत अशी की मोने, दगा ही मंडळी जपानी लाकडी ठशांच्या चित्रांवर लट्टू होती. त्यांच्या चित्रांतली तिरकी मांडणी, कडेला अर्धी कापलेली माणसं बऱ्याच अंशी तिथून आली. म्हणजे जपाननं दिलेलं कुरोदानं फ्रान्सहून परत आणलं आणि स्वतःच्या घरी त्याला परकं म्हटलं गेलं.

दोन समुद्र, दोन उजेड

डेन्मार्कच्या उत्तर टोकाला स्कागेन नावाचं मासेमारी गाव आहे. दोन समुद्र तिथे एकमेकांवर येऊन आदळतात. १८७० नंतर उत्तरेकडचे चित्रकार तिथे उन्हाळा घालवायला लागले, आणि त्यांतला पेडर सेवेरिन क्रॉयर एका वेळेच्या प्रेमात पडला. त्या वेळेला आपण तिन्हीसांज म्हणतो.

फरक हा, की आपली तिन्हीसांज देवापुढे दिवा लावेपर्यंत संपते. आपल्याकडे सूर्य जवळजवळ सरळ क्षितिजाखाली उतरतो. स्कागेनइतक्या उत्तरेला तो उन्हाळ्यात अगदी तिरका, घसरत घसरत जातो आणि फार खोल जातच नाही. त्यामुळे निळा संधिप्रकाश तासन्‌तास रेंगाळतो. समुद्र, वाळू, पांढरे झगे, सगळं एका निळ्यात. क्रॉयरच्या १८९३ च्या चित्रात दोन स्त्रिया हातात हात गुंफून दक्षिण किनाऱ्यावरून चालत निघाल्या आहेत. बाकी काही घडत नाही. एक त्याची पत्नी मारी, दुसरी आना आंकर.

ही आना मला क्रॉयरपेक्षा मोठी वाटते. बाकीचे सगळे बाहेरून आलेले, ती स्कागेनमध्येच जन्मलेली, गावातल्या खानावळवाल्याची मुलगी. तेव्हा डेन्मार्कच्या कला अकादमीत मुलींना प्रवेश नव्हता, म्हणून ती खाजगी वर्गात शिकली. लग्न झाल्यावर तिच्या शिक्षकांनी रंगपेटी समुद्रात टाकून दे असा सल्ला दिला असं सांगतात. तिनं तो मानला नाही. आणि एवढा समुद्र उंबऱ्याशी असताना तिनं रंगवल्या खोल्या. १८९१ च्या 'निळ्या खोलीतलं ऊन' या चित्रात तिची आठ वर्षांची मुलगी पाठमोरी बसून विणकाम करते आहे आणि भिंतीवर उन्हाचा एक तुकडा पडला आहे. चित्राचा विषय मुलगी नाही, खोलीही नाही. तो तुकडा आहे. वाड्यात वाढलेल्या कुणालाही कवडशाकडे बघत घालवलेल्या दुपारी आठवतील.

आता दुसऱ्या टोकाला, स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावरच्या वालेन्सियाला जाऊ. होआकिन सोरोया तिथला. दोन वर्षांचा असताना आई-वडील पटकीनं गेले, मावशीनं वाढवला. त्याचा विषय म्हणजे भर दुपारचा समुद्रकिनारा: पाण्यात डुंबणारी नागडी पोरं, शिडं शिवणाऱ्या बायका, होड्या ओढून वाळूवर आणणारे बैल. हो, बैल. तिथे मासेमारीच्या जड होड्या बैलजोड्या लावून ओढत. सोरोया प्रचंड मोठे कॅनव्हास थेट वाळूत उभे करायचा, वारा आला तर बांधून ठेवायचा. सावल्या इथेही निळ्या-जांभळ्या, पण त्यांच्या कडेला ऊन एवढं कडक की डोळे बारीक करावेसे वाटतात. ओल्या अंगावर आभाळाचं निळं आणि वाळूचं केशरी एकाच वेळी दिसतं. १९०९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्याचं प्रदर्शन झालं, तेव्हा महिन्याभरात दीड लाखावर लोक लोटले.

जाणकार इथे हरकत घेतात की सोरोयाला काटेकोर अर्थानं इम्प्रेशनिस्ट म्हणता येणार नाही, क्रॉयरलाही नाही. बरोबर आहे. दोघांचं रेखाटन पॅरिसवाल्यांपेक्षा घट्ट आहे. पण नावाची पाटी कुणाला लावायची हा संग्रहालयवाल्यांचा प्रश्न. उजेडाला विषय मानायचं धाडस दोघांनी केलं, आणि आपल्याला तेवढं पुरे.

सिगारच्या पेटीवरचा देश

ऑगस्ट १८८९ मध्ये मेलबर्नमध्ये टॉम रॉबर्ट्स, आर्थर स्ट्रीटन, चार्ल्स काँडर आणि त्यांच्या मित्रांनी १८३ छोट्या चित्रांचं प्रदर्शन भरवलं. त्यातली बरीच चित्रं सिगारच्या पेट्यांच्या झाकणांवर काढलेली होती, आकार ९ इंच बाय ५ इंच. त्यांच्यातल्या एका चित्रकाराच्या घरचा तंबाखूचा धंदा होता, त्यामुळे झाकणांना तोटा नव्हता. तिथल्या सगळ्यांत वजनदार समीक्षकानं प्रदर्शनाची सालं काढली. यांनी तो लेख प्रदर्शनाच्या दारावरच लावून टाकला आणि गर्दी वाढली.

त्यांचा आवडता विषय ऑस्ट्रेलियाचं रान. ते ओळखायला आपल्याला निलगिरीचं झाड आठवावं लागेल. त्याची पानं खाली लोंबतात, रंग राखाडी-निळसर, सावली विरळ, वडासारखी गच्च नाही. युरोपात शिकून आलेले जुने चित्रकार पुष्कळदा तिथली झाडंही विलायती हिरवाईची करून टाकत. स्ट्रीटननं एकविसाव्या वर्षी 'सोनेरी उन्हाळा, ईगलमाँट' रंगवलं, त्यात गवत वाळून पिवळं झालं आहे आणि सावल्या लांब, निळ्या. रॉबर्ट्सनं मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्या कामगारांची शेड रंगवली, घाम आणि लोकरीच्या तेलकट वासासकट. वेगवेगळ्या वसाहतींचा मिळून एक देश व्हायला अजून दहाएक वर्षं अवकाश होता. देशाचं रूप मात्र आधी कॅनव्हासवर ठरलं.

बर्फात खड्डा, धुक्यात शेत

ऊन नसेल तिथे काय करायचं? बर्फ पांढरा, मग रंगवणार काय?

फेब्रुवारी १९०४. मॉस्कोजवळच्या एका मित्राच्या इस्टेटीवर इगोर ग्राबार फिरायला निघाला होता. भूर्जाचं एक देखणं झाड दिसलं म्हणून थांबला, हातातली काठी पडली, ती उचलायला वाकला आणि वाकलेल्या अवस्थेत वर बघितलं. पांढऱ्या फांद्या, त्यामागे आभाळाच्या निळ्या रंगाच्या सगळ्या छटा. तो धावत घरी गेला आणि कॅनव्हास घेऊन आला. पुढे त्यानं मीटरभर खोल बर्फात चर खणला, ईझल घेऊन त्यात उतरला आणि तिथून, खालून वर बघत, चित्र रंगवलं. कॅनव्हासवर भलताच उजेड पडू नये म्हणून वर धरलेली छत्रीसुद्धा निळी रंगवली होती! 'फेब्रुवारीची निळाई' हे त्या चित्राचं नाव. ते मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह गॅलरीत आहे आणि ग्राबार पुढे याच गॅलरीचा संचालक झाला.

स्लोव्हेनियाचा इव्हान ग्रोहार इतका सुदैवी नव्हता. गरिबीत वाढला, गरिबीत राहिला, १९११ मध्ये क्षयानं गेला. त्याच्या १९०७ च्या 'पेरणारा' या चित्रात सकाळचं धुकं आहे, नांगरलेली काळी जमीन आहे, मागे गवत वाळवायची लाकडी मांडव आहे आणि पुढे एक शेतकरी मुठीनं बी फेकतो आहे. धुक्यामुळे माणूस आणि माती यांच्या कडा एकमेकांत मिसळल्या आहेत. स्लोव्हेनियानं युरो स्वीकारला तेव्हा ५ सेंटच्या नाण्यावर हाच शेतकरी घातला. नाण्यावर तो बियांऐवजी तारे पेरतो. आयुष्यभर पैशाला मोताद असलेल्या चित्रकाराचं चित्र पैशावरच छापावं, यावर काय बोलणार?

ही सगळी मोनेची नक्कलच ना?

हा आक्षेप नेहमी येतो आणि तो निम्मा खरा आहे. यातले बरेच जण फ्रान्समध्ये शिकून आले होते. पण हंगेरीच्या पाल सिन्येइ मेर्शेचं काय करायचं? त्याचं 'मायालिश' हे वसंतातल्या वनभोजनाचं चित्र १८७३ चं. टेकडीचा उतार, झगझगीत हिरवं गवत, रंगीत कपड्यांतली मित्रमंडळी. पॅरिसमधलं पहिलं प्रदर्शन अजून व्हायचं होतं आणि हा गृहस्थ म्युनिकमध्ये बसून रंगवत होता. लोकांनी चित्राची एवढी थट्टा केली की पुढे अनेक वर्षं त्यानं ब्रश जवळजवळ सोडला आणि शेतीवाडी बघितली. १८९६ मध्ये बुडापेस्टच्या मोठ्या प्रदर्शनात हेच चित्र परत लागलं, गाजलं आणि सरकारनं विकत घेतलं. बावीस-तेवीस वर्षं!

ट्यूब, रेल्वे, छायाचित्रण, रंगांचं शास्त्र हे सगळं एकाच वेळी अनेक देशांत पोचलं होतं. दोन गावांत एकाच वेळी आंबे पिकले तर कुणी कुणाचं बघून पिकवले असं आपण म्हणत नाही.

सुंदर आहे, पण फार गोड आहे

बागा, बायका, छत्र्या, फुलं. भूक कुठे आहे? कष्ट कुठे आहेत?

मोनेच्या तळ्यापाशी थांबलं तर हा प्रश्न रास्त आहे. पण गुस्ताव्ह कायबॉत या श्रीमंत पॅरिसवाल्यानं १८७५ मध्ये रंगवले ते उघड्या अंगानं गुडघ्यांवर बसून लाकडी जमीन तासणारे मजूर, आणि सरकारी प्रदर्शनानं ते चित्र नाकारलं. सोरोयाच्या एका भल्या मोठ्या चित्रात त्याचाच लाडका किनारा आहे, पण पाण्यात उतरणारी पोरं कुबड्या घेतलेली, अपंग आहेत आणि काळ्या झग्यातला एक धर्मगुरू त्यांना सांभाळतो आहे. नाव 'दुःखद वारसा'. १९०० च्या पॅरिस जागतिक प्रदर्शनात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळालं.

पोर्तो रिको या कॅरिबियन बेटावरचा फ्रान्सिस्को ओयेर तर पिसारोचा पॅरिसमधला दोस्त. तो घरी परतला आणि त्यानं केळीचे घड, शहाळी, पेरू रंगवले. कोकणातल्या परसातले वाटावेत असे. आणि मग १८९३ मध्ये भिंतभर आकाराचं 'मयताची रात्र'. मेलेलं मूल टेबलावर फुलांत ठेवलं आहे, भोवती माणसं खाण्यापिण्यात, गाण्यात दंग आहेत. मुलाकडे थांबून बघणारा एकच, एक म्हातारा काळा माणूस. त्या बेटावरची गुलामगिरी जाऊन तेव्हा वीसच वर्षं झाली होती. या चित्राची शैली निव्वळ इम्प्रेशनिस्ट नाही. ओयेरनं विषयाप्रमाणे हत्यार बदललं.

बर्लिनच्या माक्स लीबरमानचा प्रवास उलटा. तरुणपणी बदकांची पिसं उपटणाऱ्या बायका, सूत कातणाऱ्या कामकरणी रंगवल्या म्हणून त्याला 'कुरूपतेचा प्रेषित' म्हणत. उतारवयात तो वानझे तळ्याकाठच्या बंगल्यात राहायला गेला आणि मुख्यतः आपली बाग रंगवत बसला: भूर्जांची वाट, कोबीचे वाफे, फुलांचे ताटवे. बागेची दोनशेहून जास्त तैलचित्रं. इथे गोडपणाचा आरोप करायला हरकत नाही. पण लीबरमान ज्यू होता. नाझी सत्तेवर आले तेव्हा तो प्रशियाच्या कला अकादमीचा मानद अध्यक्ष होता. १९३३ मध्ये त्यानं राजीनामा दिला, १९३५ मध्ये तो वारला. १९४० मध्ये त्याच्या पत्नीला बंगला विकायला भाग पाडलं. १९४२ च्या जानेवारीत त्याच तळ्याकाठच्या दुसऱ्या एका बंगल्यात नाझी अधिकाऱ्यांनी ज्यूंच्या सामूहिक हत्येची आखणी करणारी बैठक घेतली. १९४३ मध्ये छळछावणीत नेण्याचा हुकूम आल्यावर मार्टा लीबरमाननं विष घेतलं. आज लीबरमानचा बंगला संग्रहालय आहे आणि बाग पुन्हा उभी केली आहे, बऱ्याच अंशी त्या चित्रांवरून. कोबीचे वाफेसुद्धा.

मग ही नावं आपल्या कानावर का नाहीत?

मुख्य कारण व्यापार. पॉल ड्युरां-रुएल नावाच्या पॅरिसच्या विक्रेत्यानं मोने, पिसारो, रन्वार यांची चित्रं घाऊक घेतली आणि १८८६ मध्ये सुमारे ३०० चित्रं न्यूयॉर्कला नेऊन मांडली. अमेरिकी धनिकांनी ती उचलली, त्यांच्याकडून ती संग्रहालयांत गेली, संग्रहालयांतून पाठ्यपुस्तकांत आणि तिथून कपांवर.

उलट ग्राबार मॉस्कोत राहिला, कुरोदा तोक्योत, ग्रोहार स्लोव्हेनियात. त्यांच्या देशांनी ही चित्रं राष्ट्राची ठेव म्हणून जपली, बाहेर फार विकली नाहीत. जपणूक झाली, पण जगाच्या बाजारात नाव झालं नाही. प्रत्येक शाळकरी स्लोव्हेनियन मुलाला ग्रोहार माहीत असतो, सीमेपलीकडे कुणाला नाही. आपल्याकडच्या चांगल्या चित्रकारांचं याहून वेगळं काय आहे?

कोल्हापूरचे आबालाल रहिमान बघा. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून ते कोल्हापूरला परतले, शाहू महाराजांनी आश्रय दिला, आणि ते कोटितीर्थ, रंकाळा, पंचगंगा हाच परिसर पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या वेळच्या उजेडात रंगवत राहिले. त्यांना इम्प्रेशनिस्ट म्हणणं ओढूनताणून होईल. पण पाण्यावरचा प्रकाश हाच त्यांचाही विषय होता. १९३१ मध्ये ते गेले, त्यांची थोडीच चित्रं आज उरली आहेत. इंदूरला मात्र या वळणाचं शिक्षण रीतसर मिळालं. देवळालीकर मास्तरांनी तिथे चित्रशाळा चालवली, मुलांना उघड्यावर बसून रंग बघायला शिकवलं. नारायण श्रीधर बेंद्रे आणि मकबूल फिदा हुसेन हे त्यांचेच विद्यार्थी.

'हे तर आमच्या पोरानंही काढलं असतं'

मोबाइलवर मोनेचं 'इम्प्रेशन, सूर्योदय' उघडा आणि त्याला ब्लॅक अँड व्हाइट फिल्टर लावा. केशरी सूर्य जवळजवळ नाहीसा होईल. सूर्याचा आणि आजूबाजूच्या आभाळाचा रंग वेगळा, पण उजळपणा जवळपास सारखाच ठेवला आहे. आपल्या मेंदूचा जो भाग वस्तू नेमकी कुठे आहे ते ठरवतो, तो रंग ओळखत नाही, उजळपणावर चालतो. त्याला तो सूर्य सापडत नाही. रंग ओळखणारा भाग म्हणतो, आहे. या ओढाताणीत सूर्य थरथरल्यासारखा वाटतो. पोरानं काढलेल्या चित्राला हाच फिल्टर लावून बघा, आणि निकाल घरातल्या घरातच ठेवा.

हीच पद्धत इतरांनाही लावता येते. बहुतेक मोठ्या संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर चित्रं हवी तेवढी मोठी करून बघता येतात. सुरुवात ग्राबारच्या भूर्जापासून करा. झाडाची साल पांढरी आहे असं वाटेल. मग चित्र मोठं करत जा आणि त्या सालीत निव्वळ पांढरा रंग किती सापडतो ते शोधा. गुलाबी सापडेल, फिकट पिवळा, हिरवट, आणि सावलीच्या बाजूला निळा.